बंद दाराआडच्या तक्रारी

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. घरगुती हिंसाचारविरोधी 2005 च्या कायद्याने पीडितेला संरक्षण अधिकारी, निवारा आणि न्यायालय असे मार्ग दिले होते. पण त्यांची सुरुवात बहुतेकदा तिने घराबाहेर पडण्यापासून होत असे. नेमके तेच बंद झाले. मुंबईत लोकलही थांबली. माहेरी जाणे अशक्य झाले आणि मारणारा चोवीस तास समोर बसला. फोनवर बोलायचे तर खोली एकच.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे 27 फेब्रुवारी ते 22 मार्च या काळात घरगुती हिंसाचाराच्या 123 तक्रारी आल्या होत्या. 23 मार्च ते 16 एप्रिलमध्ये त्या 239 झाल्या. टपाल अडकल्यामुळे ई-मेल आणि 10 एप्रिलला सुरू झालेला व्हॉट्सॲप क्रमांक हेच प्रमुख आधार होते. म्हणजे जिच्या हाती स्वतःचा मोबाइल नाही, ती या आकड्यांत बहुधा नाहीच.

पोलिसांच्या नोंदी मात्र उलट बोलतात. पती व सासरच्यांच्या छळाचे गुन्हे 2019 मधील 1,25,298 वरून 2020 मध्ये 1,11,549 वर आले, आणि 2021 मध्ये 1,36,234 झाले. मधली घट हिंसेची नसून नोंदीची मानणेच सयुक्तिक. टाळेबंदीआधीही बोलणाऱ्या थोड्याच होत्या: 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितले होते.