समाधानाचा आकडा

उच्च तंत्रज्ञानाच्या अनेक कंपन्या आपल्या संशोधकांना ठरावीक काळाने विचारतात: कामाबाबत आपण किती समाधानी आहात? उत्तरादाखल १ ते ५ यांपैकी एक आकडा निवडायचा. ही मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आली. मात्र २ आणि ३ यांतील अंतर ४ आणि ५ यांतील अंतराएवढेच असते, याची हमी कोण देणार? तरीही आपण सरासरी काढतो आणि तिलाच समाधान म्हणतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी वेगळी वाट धरली. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांना त्यांनी कामातले विशेष आनंदाचे आणि विशेष त्रासाचे प्रसंग सांगायला लावले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: आनंदाच्या प्रसंगांत यश, कदर आणि प्रत्यक्ष काम पुढे येते, त्रासाच्या प्रसंगांत धोरणे आणि वरिष्ठांची वागणूक. म्हणजे असमाधान दूर झाले की समाधान आपोआप येत नाही. यावर आक्षेपही आले. यशाचे श्रेय स्वतःकडे घ्यावे आणि अपयशाचा दोष परिस्थितीला द्यावा, हा मनुष्यस्वभावच आहे.

भारतात हा प्रश्न फार मोठी किंमत मोजून ऐरणीवर आला. अणुऊर्जा विभागात होमी भाभांनी रिक्त जागेची वाट न पाहता गुणवत्तेवर बढती देण्याची प्रथा रुजवली होती. कृषी संशोधनात मात्र वरची जागा रिकामी झाल्याखेरीज पुढे सरकणे कठीण होते. मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात केवळ डावलले गेल्याचे दुःख नव्हते. वरिष्ठांच्या विचारांना जुळेल अशी अशास्त्रीय माहिती गोळा केली जाते, अशीही तक्रार होती.

माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यानंतर १९७३ मध्ये कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ आणि १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा अस्तित्वात आली. दर ५ वर्षांनी कामाचे मूल्यमापन आणि रिक्त जागेवर न अडणारी बढती, हे या सेवेचे सूत्र होते.

पत्रातील पहिल्या तक्रारीला हे उत्तर होते. दुसरीला नियमाने उत्तर देणे अवघड असते. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरमध्ये केंद्र उघडले आणि त्यानंतर तेथे कंपन्यांच्या संशोधन केंद्रांची रीघ लागली. व्यवस्थापक न होताही संशोधकाला वर चढता यावे, म्हणून अनेक कंपन्यांत तांत्रिक पदांची स्वतंत्र शिडी असते. ती हवीच. पण शिडीवरून नकोसे निरीक्षण खाली ढकलले जात असेल, तर ४.२ ही सरासरी कशाची?

म्हणून प्रश्नावलीत एक प्रसंग मागावा: वरिष्ठांच्या अपेक्षेविरुद्ध गेलेला निष्कर्ष आपण शेवटचा कधी मांडला, आणि पुढे काय झाले? त्याचे उत्तर आकड्यात मावणार नाही. ते वाचावे लागेल.