साथीत आरोग्य कर्मचारी स्वतःला का जपतात? नुसती भीती पुरत नाही

साथीच्या काळात नर्स, वॉर्डबॉय, आशाताई मास्क, हातमोजे वापरतात ते फक्त भीतीपोटी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये मांडलेला आणि १९८३ मध्ये सुधारलेला ‘संरक्षण-प्रेरणा सिद्धांत’ सांगतो, की माणूस मनात दोन हिशेब करतो. पहिला धोक्याचा: आजार किती गंभीर, मला होण्याची शक्यता किती? दुसरा उपायाचा: मास्कने खरंच फरक पडतो का, मला तो नीट वापरता येईल का, त्रास किती?

कोरोनात पहिला हिशेब लगेच कळला. आजार घरी नेण्याची धास्ती मोठी होती. अडलं ते दुसऱ्यात. पीपीई किटमध्ये घामाच्या धारा, तासन्‌तास पाणी नाही, लघवीला जाणं अवघड.

केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये अशा कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. पण विमा मागे राहिलेल्या घराला आधार देतो, संसर्ग थांबवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, किट घालण्या-काढण्याचा सराव आणि ड्युटीत मधली सुट्टी लागते. हे न देता ‘काळजी घ्या’ म्हटलं, तर भीती तेवढी वाढते.