पोवळ्यांना चुन्याची निवळी

‘काल्कवासर’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा ते एखादे महागडे परदेशी औषध असेल असे वाटले. घरात खाऱ्या पाण्याचा टँक लावायची तयारी चालली होती आणि प्रवाळांच्या टँकबद्दल जे हाती येईल ते वाचत होतो. त्यात हा शब्द पुन्हा पुन्हा भेटायचा. रात्री काल्कवासर थेंबथेंब सोडा, पाण्यातले कॅल्शियम टिकेल. अर्थ शोधला आणि एकदम चांदवडच्या शाळेतला विज्ञानाचा तास आठवला. परीक्षानळीत स्वच्छ पाणी, त्यात काचनळीतून फुंकर, आणि बघता बघता पाणी दुधाळ. जर्मनमध्ये काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. चुन्याची निवळी!

मुंबईचा समुद्र आमच्या गावापासून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. इथे काळा पाषाण, कांद्याचे ट्रॅक्टर आणि रेणुकामातेचा डोंगर. अशा गावातल्या प्रत्येक मराठी शाळेतल्या मुलाला जो पदार्थ ठाऊक आहे, त्यावर युरोपातल्या घराघरांतली पोवळी वाढली, हे कळल्यापासून मला स्वस्थता नाही.

टँकचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो, म्हणून तो थोडक्यात. लंडनच्या ॲना थिन यांनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी पोवळी घरी आणली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी रोज ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हे नाव रूढ केले. आपल्याकडे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडले. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्र घरात जगवता येतो हे लिहून दाखवले. त्यानंतर पीटर विल्केन्स. त्यांचे जर्मन पुस्तक 1973 चे, आणि टँकमध्ये चुन्याची निवळी रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

निवळीच का, हे सांगायला हवे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 410 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पोवळे त्यातून आपला सांगाडा बांधते. समुद्राला त्याने काही फरक पडत नाही, पण दोनशे लिटरच्या बंद टँकमधला साठा उतरत जातो. कॅल्शियम क्लोराइड टाकावे तर कॅल्शियम वाढते, मात्र मागे क्लोराइड साचत राहते. निवळीतला चुना पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळतो आणि पोवळ्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, त्याला लागतात त्याच प्रमाणात देतो. मागे काही उरत नाही. शिवाय रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्यावर पाण्याचा सामू उतरतो, तो निवळी वर उचलून धरते. तिचा स्वतःचा सामू बाराच्या वर, म्हणून ती धारेने ओतायची नाही, थेंबाथेंबानेच सोडायची.

माझ्या टँकमध्ये दगडी पोवळे एकही नाही, आणि ते मी ठेवणारही नाही. 2001 पासून ती सगळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; वाघाइतकेच संरक्षण त्यांना आहे, आणि ते योग्यच आहे. माझ्याकडे आहेत टँकमध्येच पैदास झालेले विदूषक मासे, हाताने घडवलेला खडक आणि त्यावर चढलेली गुलाबी शैवालाची खरपुडी. एका गोगलगायीच्या शंखावरून आलेले हे शैवालसुद्धा अंगात चुना धरते. त्याच्यासाठी निवळी.

आता शब्दाकडे. जर्मन ‘काल्क’ लॅटिन ‘काल्क्स’वरून आला. त्याच काल्क्सवरून हम्फ्री डेव्ही यांनी 1808 मध्ये कॅल्शियमला नाव दिले. त्या शब्दात दगड आहे. आपला ‘चुना’ संस्कृत ‘चूर्ण’वरून, प्राकृतातल्या ‘चुण्ण’मार्गे आला. आपण दगड पाहिला नाही, भाजून झालेली पूड पाहिली. आणि जर्मन माणूस नुसते ‘चुन्याचे पाणी’ म्हणून थांबतो, तिथे मराठी माणूस कृतीच सांगतो: चुना पाण्यात कालवा, हलवू नका, तळ बसू द्या, वरचे घ्या. टँकवाल्यांची पुस्तके याच चार सूचना बजावून सांगतात, कारण चुन्यातली नको ती द्रव्ये बरीचशी तळाच्या गाळात राहतात. आपल्याकडे ती सगळी सूचना एका नामात मावली आहे.

पण हे नाम आले कुठून? सहज सुचते ती व्युत्पत्ती ‘निर्मल’ची. निर्मल, मग निवळ, मग निवळी. ऐकायला इतकी सोपी की कोणी पुढे विचारत नाही. मला ती पटत नाही. संस्कृतातला ‘र्म’ प्राकृतात ‘म्म’ होतो आणि मराठीत ‘म’ म्हणूनच टिकतो: कर्माचे काम, चर्माचे चाम, घर्माचा घाम. ‘म’चा ‘व’ होतो तो एकटा असला तर: ग्रामाचे गाव, नामाचे नाव. ‘निर्मल’ या वाटेने चालत आला असता तर आपण आज ‘निमळ’ म्हणत असतो.

दुसरा दावा निवळीच्या झाडाच्या बियांचा. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात. बी मडक्याला आतून घासले की गढूळ पाण्याचा गाळ खाली बसतो. हा गुण इतका जुना आणि प्रसिद्ध की मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दाखला आहे: कतकाचे नुसते नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही. बियांची निवळी आधी आणि तिच्यावरून चुन्याची, असे म्हणणारे भेटतात. हिंदीत या बीला ‘निर्मली’ म्हणतात, हा त्यांचा बिनतोड वाटणारा पुरावा. पण हिंदीभाषकांनी त्याच गुणाला आपल्या शब्दाने नाव दिले, एवढेच त्यातून सिद्ध होते. आणि चुन्याच्या पाण्यात बी कुठे असते? दोन्ही निवळ्या एकाच क्रियापदाच्या लेकी आहेत; एक दुसरीची आई नाही.

माझे मत ‘निवणे’च्या बाजूने आहे. दूध निवते, डोळे निवतात, जीव निवतो. ‘निर्वाण’ याच कुळातला. इथे ‘र्व’चा ‘व्व’ आणि पुढे ‘व’ होणे अगदी नियमाला धरून आहे. ‘निव्वळ नफा’ म्हणताना तो जोड ‘व’ अजून ऐकू येतो. कोणी म्हणेल, जोर देण्यासाठी व दुप्पट झाला. असेल, पण ‘म’ची खूण त्यातही नाही. वापरही पाहा. वातावरण तापते आणि मग निवळते. भांडणानंतर घर निवळते, तेव्हा ते स्वच्छ झालेले नसते, थंड झालेले असते.

मग ‘ळ’ कुठला? हा माझ्या मताचा कच्चा दुवा, आणि त्यावर मी बरेच दिवस अडून होतो. उत्तर स्वयंपाकघरात सापडले. उकळणे, ढवळणे, मिसळणे, विरघळणे, वितळणे, ओघळणे, निथळणे. यांची मुळे वेगवेगळी आहेत, पण पातळ पदार्थाच्या हालचालींना मराठी कान ‘ळणे’ लावून ऐकतो. त्या ओळीत बसायला ‘निवणे’चे ‘निवळणे’ झाले, असे मी धरतो. चुन्यापुरते तर ते तंतोतंत बसते. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, वाफा सोडतो, भांड्याला हात लावू देत नाही. आधी तो निवतो, मग पाणी वर येते. निवल्याशिवाय निवळी नाही.

आमच्या गावात हे पूर्वी रोजचे दृश्य असणार. अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाच्या भिंतींना चुना लागला तो दख्खनच्या काळ्या दगडातला नव्हे. या दगडात चुनखडकाचे थर नाहीत. अशा मुलखात नाल्याकाठचे पांढरे खडे वेचून भाजायची रीत होती, इथेही तेच झाले असावे. भिंतीवर बसलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगड होतो. तो दगड आणि पोवळ्याचा सांगाडा रसायनाने एकच, कॅल्शियम कार्बोनेट. फक्त स्फटिकांची ठेवण वेगळी. निवळीच्या बाटलीवर दोन दिवसांत दुधासारखी साय धरते, तीही तेच. ती साय मोडायची नाही, खालून नळीने पाणी काढायचे.

पानाचा चुना मी वापरत नाही. त्यात काय काय मिसळलेले असते सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आरओचे पाणी, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. त्याहून जास्त विरघळतच नाही. आणि पाणी गरम केले तर आणखी कमी विरघळते, इतर बहुतेक क्षारांच्या उलट.

एका गोष्टीत चांदवडची हवा या कामाला युरोपापेक्षा सरस आहे. निवळी किती द्यायची याची मर्यादा बाष्पीभवन ठरवते, कारण टँकमधून उडालेल्या पाण्याच्या जागीच ती भरायची असते. थंड, दमट देशांत पाणी कमी उडते, त्यामुळे चुनाही कमी जातो. आमच्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात टँकवर पंखा लावला की पाणी थंड राहते आणि रोज दोन-अडीच लिटर उडून जाते. तेवढी निवळी रात्रभर टपकत राहते. श्रावणात हवा ओलसर झाली की पाऊण लिटरवर येते. त्या दिवसांत खरपुडीची नवी कड पांढुरकी पडू लागते, आणि मी दर दोन दिवसांनी कॅल्शियम मोजतो.