विदूषक बोलूं लागला

चार्ली चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. अॅडॉल्फ हिटलरचा त्याच महिन्याच्या २० तारखेचा. चॅप्लिन पडद्यावर लावीत असे ती आंखूड खोटी मिशी आणि हिटलरची खरी मिशी यांतही फारसा फरक नव्हता. दैवानेंच मांडलेल्या या थट्टेचा एका विनोदी नटानें उपयोग करावा यांत नवल नाहीं. नवल आहे तें त्यानें साधलेल्या वेळेचें.

‘दि ग्रेट डिक्टेटर’ या बोलपटाचें चित्रीकरण सुरू झालें सप्टेंबर १९३९ मध्यें, युरोपांत युद्ध पेटून आठवडा होतो न होतो तोंच. अमेरिका तटस्थ होती. त्यापूर्वीं ब्रिटिश सरकार हिटलरची मनधरणी करीत होतें, तेव्हां हें चित्र इंग्लंडांत दाखवूं दिलें जाणार नाहीं अशींच चिन्हें दिसत होतीं. चॅप्लिननें पदरचा पैसा घालून तें पुरें केलें. ऑक्टोबर १९४० मध्यें तें न्यूयॉर्कला झळकलें तेव्हां लंडनवर बाँब पडत होते आणि बंदीची भाषा केव्हांच विरून गेली होती.

बोलपट रूढ होऊन दहा वर्षें झालीं तरी चॅप्लिन पडद्यावर जवळजवळ मुकाच होता. १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्यें निरर्थक शब्दांचें एक गाणें त्यानें म्हटलें, तेवढेंच. तो खरा बोलला तो या चित्रांत, आणि तोही दोन तोंडांनीं: टोमेनियाचा हुकूमशहा हिंकेल आणि त्याच्यासारखाच दिसणारा एक ज्यू न्हावी. हिंकेलच्या भाषणांत जर्मन भासणारे अर्थशून्य शब्द आहेत, मधूनच खोकला आहे. त्याच्या आवेशापुढें ध्वनिक्षेपकसुद्धां मागें वांकतो. ज्यूंविरुद्ध त्यानें बराच वेळ गरळ ओकल्यावर दुभाषी शांतपणें सांगतो कीं, महाशयांनीं नुकताच ज्यू लोकांचा उल्लेख केला. खरा घाव येथें आहे. हिटलरचें बळ सभेंतल्या आणि रेडिओवरच्या आवाजांत होतें. चॅप्लिननें त्यांतले शब्द काढून घेतले आणि नुसती गुरगुर ठेवली. पृथ्वीगोलाच्या फुग्याशीं खेळणारा हिंकेल अधिक गाजला खरा. परंतु तो मोहक आहे, हा बोचतो.

अखेरीस न्हाव्यालाच लोक हुकूमशहा समजतात आणि तो माणुसकीवर लांबलचक भाषण करतो. विनोद टाकून व्यासपीठ गांठल्याचा ठपका टीकाकारांनीं ठेवला. कलेच्या दृष्टीनें तो रास्त आहे. मात्र पंचवीस वर्षें मुका राहिलेला नट इतकें बोलला, तेव्हां त्याला गप्प बसवत नव्हतें हेंही उघड आहे.

१९६४ च्या आत्मचरित्रांत चॅप्लिननें लिहिलें कीं, छळछावण्यांतील भीषणता ठाऊक असती तर आपल्याला ही थट्टा करतांच आली नसती. चित्रांतला न्हावी सैनिकी गणवेश चढवून छावणींतून निसटतो. खऱ्या छावण्यांतून लक्षावधि माणसें परतलींच नाहींत.