प्रक्षेपांतून प्रतिमा : सी.टी. गणनपद्धतींचा पूर्वेतिहास

सी.टी. यंत्राचा इतिहास सांगताना बहुधा असे म्हटले जाते की, त्याचे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केले होते. उणीव होती ती केवळ वेगवान गणकयंत्राची. हे मत अर्धेच खरे आहे. प्रतलातील सर्व रेषांवरील बेरजा ज्ञात असतील तर प्रत्येक बिंदूचे मूल्य काढता येते, हे राडोन यांनी दाखविले खरे. परंतु सूत्र हाती असणे आणि मोजक्या, सदोष मोजमापांवर ते चालविता येणे या भिन्न गोष्टी होत. शिवाय ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. ॲलन कॉरमॅक यांनी आपली उकल स्वतंत्रपणे शोधून १९६३ व १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. राडोन यांचे कार्य त्यांना पुढे कित्येक वर्षांनी कळले. वैद्यकाने तर या लेखांची दखलच घेतली नाही. आवर्जून प्रत मागविली ती हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या एका स्विस संस्थेने!

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी आरंभी निराळीच वाट धरली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात ज्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे मस्तक तपासले, ते १८० कोनांतून प्रत्येकी १६०, म्हणजे २८,८०० मोजमापे घेई. प्रतिमेतील अज्ञाते ८० × ८०, म्हणजे ६,४००. एकेका किरणाचे समीकरण घेऊन अंदाज सुधारीत जावयाचे, अशी ही रीत. तिचे बीज काचमार्झ यांच्या १९३७ च्या निबंधात आढळते.

त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी जे सुचविले ते आमच्या मते अधिक मूलगामी होते. प्रत्येक प्रक्षेप आला तसा उलट पसरविला तर प्रतिमा धूसर होते. फूरिये रूपांतराने ही धूसरता टाळता येते, पण त्यासाठी ध्रुवीय जाळ्यावरील मूल्ये चौरस जाळ्यावर अंदाजाने बसवावी लागत. या दोघांनी रूपांतरच वगळले : पसरविण्यापूर्वी प्रक्षेपाच्या संख्यांचा एका ठरावीक संख्यामालेशी संवलन-गुणाकार करावयाचा, इतकेच. त्यामुळे एकेक प्रक्षेप हाती येताच त्याचे गणित उरकता येऊ लागले. ब्रेसवेल व रिडल यांनी रेडिओ-खगोलशास्त्रात हीच कल्पना १९६७ मध्ये मांडली होती, तेव्हा अग्रमान त्यांचा. मात्र क्ष-किरणचित्रे व इलेक्ट्रॉन-सूक्ष्मचित्रे यांच्या अभ्यासकांपुढे ती सोप्या रूपात ठेवण्याचे श्रेय या भारतीय संशोधकांना द्यावयास हवे. त्यांची गाळणी मोजमापांतील गोंगाटही वाढविते. शेप व लोगन यांनी १९७४ मध्ये तिला सौम्य रूप दिले.

हे सर्व एका प्रतलापुरते. शंकूच्या आकाराच्या किरणझोताने त्रिमिती प्रतिमा मिळविण्याचा सुटसुटीत मार्ग फेल्डकॅम्प, डेव्हिस व क्रेस यांनी १९८४ मध्ये दिला, पण तो आसन्न आहे. कारण तुई यांच्या १९८३ च्या अटीप्रमाणे वस्तूला छेदणारे प्रत्येक प्रतल किरणस्रोताच्या मार्गालाही छेदले पाहिजे. वर्तुळाकार मार्गाने ते साधत नाही, सर्पिल मार्गाने साधते. सर्पिल यंत्रे १९९० च्या सुमारास रुग्णालयांत आली; त्या मार्गासाठी गाळणीच्या स्वरूपाचे अचूक सूत्र मात्र कात्सेविच यांनी २००२ मध्ये दिले.