हजेरीपटावरून गळलेला जीव

शिक्षकाला हजेरीपटाची सवय असते. एखादे मूल महिनाभर आले नाही की नावासमोर शेरा पडतो आणि पुढे नाव पटावरून जाते. मूल मात्र कुठेतरी असतेच. वीटभट्टीवर, मामाच्या गावी किंवा दुसऱ्या शाळेत. पट एवढेच सांगतो की आपण नाव पुकारले तेव्हा ते समोर नव्हते. स्कॉटलंडच्या एका जेलीफिशची हकीकत वाचताना मला हा पट आठवला.

जेलीफिश म्हटले की पाण्यावर तरंगणारी छत्री डोळ्यांसमोर येते. हा जीव तसा नाही. ‘डेपास्ट्रम सायथिफॉर्मे’ हे त्याचे शास्त्रीय नाव. सायथिफॉर्मे म्हणजे पेल्याच्या आकाराचा. तो पोहत नाही. ओहोटीनंतर खडकांत जी डबकी उरतात, तिथे दगडाला देठाने चिकटून राहतो. देठावर पेल्यासारखे अंग आणि काठाला बारीक स्पर्शक. सगळा मिळून बोटाच्या एखाद्या पेराएवढा. अशा देठवाल्या जेलीफिशना शास्त्रज्ञांनी 2004 साली स्वतंत्र वर्ग दिला.

त्याचे पहिले वर्णन 1846 साली नॉर्वेच्या मायकेल सार्स यांनी केले. सार्स तेव्हा किनाऱ्यावरच्या एका गावात पाद्री होते. धर्मोपदेशाचे काम सांभाळून ते समुद्रातले जीव पाहत आणि लिहून ठेवत. पुढे ते प्राध्यापक झाले, पण हे वर्णन पाद्री असतानाचे आहे. 1858 साली इंग्लंडच्या फिलिप हेन्री गॉस यांनी या जीवाला डेपास्ट्रम हे प्रजातीनाम दिले.

गॉस हे निसर्गाचे मोठे प्रचारक. ‘अक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो त्यांच्यामुळे. 1854 साली याच नावाचे त्यांचे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये समुद्री जीव काचेच्या पेटीत ठेवण्याचे वेडच लागले. लोक बरण्या, हातोड्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागले. गॉस यांचा मुलगा एडमंड लहानपणी वडिलांबरोबर डबकी धुंडाळत असे. मोठेपणी तो नामवंत लेखक झाला. 1907 साली त्याने लिहिले, की लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी आता उरली नाहीत, हौशी संग्राहकांनी ती लुटून नेली. आपल्या पुस्तकांनीच ही गर्दी किनाऱ्यावर आणली, याचे वडिलांना फार दुःख होते, असेही त्याने नोंदवले आहे. ज्ञान वाटणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. आवड लावणे सोपे आहे. आवडीसोबत अदबही शिकवावी लागते.

डेपास्ट्रमच्या नोंदी पुढे विरळ होत गेल्या. ब्रिटनमध्ये तो 1954 साली दिसला, फ्रान्सच्या रॉस्कॉफ इथे 1976 साली. त्यानंतर शांतता. तो जगातून संपला असावा, असे काही जाणकारांना वाटू लागले. तसे वाटायला कारणही होते. देठवाल्या जेलीफिशची पिल्ले पोहत नाहीत, सरपटतात. त्यामुळे एका किनाऱ्यावरून हा जीव गेला तर दुसरीकडून येऊन तिथे पुन्हा वसणे कठीण.

मग 2023 साली आउटर हेब्रिडीजमधल्या साउथ यूइस्ट बेटावर एक निसर्गप्रेमी डबकी पाहत होता. त्याला वेगळे काही दिसले. त्याने फोटो काढले आणि जाणकारांना दाखवले. जुन्या वर्णनांशी ताडून पाहिल्यावर ओळख पटली, हा डेपास्ट्रमच. 2025 साली त्याच ठिकाणी तो पुन्हा आढळला आणि बातमी जगभर गेली. जवळजवळ पन्नास वर्षे गैरहजर असलेल्याने ‘हजर’ म्हटले.

या शोधाला ना पाणबुडी लागली, ना कोट्यवधींचा खर्च. ओहोटीची वेळ, वाकून पाहणारा माणूस आणि एक कॅमेरा पुरला. पण आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याने नीट लिहून ठेवलेले वर्णन. ते नसते तर त्या माणसाने जीव पाहिला असता, फोटोही काढला असता, पण कोण सापडले हे कोणालाच कळले नसते.

म्हणून मी मुलांना सांगतो, जे पाहाल ते तारीख आणि जागेसह वहीत लिहा. ओढ्यातला मासा असो, विहिरीवरचे शेवाळ असो किंवा मोहल्ल्यातल्या जुन्या दर्ग्याजवळचे झाड. आज ती नोंद क्षुल्लक वाटेल. उद्या ते झाड तिथे नसेल, किंवा पन्नास वर्षांनी कोणी ते पुन्हा शोधत येईल. त्याला ओळख पटवायला तुमचीच वही लागेल.