जोडायची की विकत घ्यायची?

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या, ते आम्हाला इथून दिसतंय. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, आणि आता हे गृहस्थ रायफलीवर बोलणार? सांगतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा टेक्सासात असतो. गेल्या दिवाळीत भेटायला आला. तिकडं त्याला नेमबाजीचा नाद लागलाय. म्हणाला, "आजोबा, अर्धस्वयंचलित स्पोर्टिंग रायफल घ्यायची आहे. तयार घेऊ, की सुटे भाग आणून घरी जोडू?" आम्ही आधी हसलो, पण रात्री झोप लागेना. प्रश्न पैशाचा वाटत होता. होता मात्र 'रायफल' नेमकं कशाला म्हणायचं, याचा.

अर्धस्वयंचलित म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. पुढची आपोआप नळीत चढते, पण सुटायला चाप पुन्हा ओढावा लागतो. अशा शिकारी रायफली अमेरिकेत शंभरावर वर्षं आहेत. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची रेमिंग्टन मॉडेल 8 ही 1906 सालची.

एका बंदुकीचा भाग दुसरीत बसावा, ही कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. ओनोरे ब्लां या फ्रेंच कारागिरानं 1785 मध्ये थॉमस जेफरसन यांना असं काम दाखवलं होतं. 1798 साली एली व्हिटनीनं अमेरिकी सरकारशी 10,000 मस्केटींचा करार केला. मुदत दोन वर्षांची, पुरवठा संपला 1809 मध्ये! आणि पुढं अभ्यासकांनी त्यातल्या उरलेल्या मस्केटी उघडून पाहिल्या, तर एकीचे भाग दुसरीत बसेनात. (हशा) हे काम खरोखर साधलं ते जॉन हॉलनं, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत, 1820 च्या दशकात. पाठ्यपुस्तकात नाव मात्र व्हिटनीचं. चालायचंच.

आता त्या मुलाच्या रायफलीकडे येऊ. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात आर्मालाइट नावाची छोटी कंपनी होती, विमानं बनवणाऱ्या फेअरचाइल्डची शाखा. तिथं यूजीन स्टोनरनं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वापरून हलकी रायफल रचली. 'एआर-15' मधलं 'एआर' म्हणजे आर्मालाइट, बरं का. पुष्कळांचा यात गैरसमज असतो. 1959 मध्ये हक्क कोल्ट कंपनीला विकले गेले, आणि 1964 मध्ये कोल्टनं नागरिकांसाठी अर्धस्वयंचलित 'स्पोर्टर' बाजारात आणली. 1977 मध्ये स्टोनरच्या पेटंटची मुदत संपली, मग इतर कंपन्याही तीच रचना बनवू लागल्या. भाग एकमेकांत बसत असल्यानं नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, असं घरच्या टेबलावर जमायला लागलं. आपल्याकडे पोरं कॉम्प्युटर 'असेंबल' करत, तसंच.

पण मग यातली 'बंदूक' कुठली? नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं: आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यानं उत्तर दिलं की फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे सांगाडा, हीच बंदूक. क्रमांक त्याच्यावर, परवानाधारक दुकानदाराकडची नोंद त्याची; बाकीचे बहुतेक भाग साध्या सामानासारखे विकत मिळतात. गंमत अशी, की जुन्या नियमात रिसीव्हरमध्ये घोडा आणि बोल्ट एकत्र असावेत असं लिहिलेलं, आणि एआर-15 मध्ये घोडा खालच्या अर्ध्यात, बोल्ट वरच्या. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी हेच बोट ठेवलं: निव्वळ खालचा अर्धा भाग या व्याख्येत बसत नाही. शेवटी 2022 मध्ये सरकारला व्याख्या बदलावी लागली. आपला 1959 चा शस्त्र कायदा यात फार कडक. तो 'शस्त्रां'मध्ये शस्त्रांचे सुटे भागही धरतो. नागसेनाला वादाला जागाच नाही.

हा नुसता शब्दच्छल नाही. 14 डिसेंबर 2012 ला सँडी हूकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. रायफल बुशमास्टरची, याच घराण्यातली. नऊ कुटुंबांनी रेमिंग्टनवर, म्हणजे बुशमास्टरच्या मालक कंपनीवर, दावा लावला. मुद्दा जाहिरातींचा होता. 2022 मध्ये 7 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. रायफलीमागं एक कंपनी होती, म्हणून जाब विचारायला दार तरी सापडलं. दहा ठिकाणचे भाग आणून जोडलेल्या रायफलीचा कर्ता कोण? जोडणारा म्हणतो, मी काही बनवलं नाही. भाग विकणारा म्हणतो, मी बंदूक विकली नाही.

जोडणाऱ्याचं सुख आम्हाला कळत नाही असं नाही. स्वतः जुळवलेल्या यंत्राचा माणसाला आतून उमज पडतो, तो दुकानात मिळत नाही. पण बोल्ट आणि नळी यांच्यातलं माप चुकलं, तर काडतूस तोंडापाशीच फुटू शकतं. आणि हत्यारं, मापकं यांचा खर्च धरला तर पहिली रायफल घरी स्वस्त पडेलच असं नाही. आम्ही त्याला म्हटलं, घेणारच असशील तर तयार घे, बाबा. तिच्यामागं कुणीतरी उत्तरदायी असू दे.

त्यावर तो म्हणाला, "आजोबा, मी जोडली तर मी असेन की उत्तरदायी." याला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आजही नाही. परवा फोन आला होता. अजून घेतलेली नाही. रेंजवरची भाड्यानं घेऊन नेम धरतोय. हं, आता तुमचे प्रश्न घेऊ.